खडकीचा क्रूस आणि धायरीचा टाक

धायरीत अजूनही काही घरांत धुळवडीला वीर काढतात. घरातला जो कोणी पुरुष लढाईत किंवा अपघाती अकाली गेला, त्याचा चांदीचा टाक देवघरात असतो. त्या दिवशी तो ताटात घेऊन, वाजतगाजत पाण्यावर नेऊन, उजळून परत आणायचा. गावाभोवती सोसायट्या उभ्या राहिल्या, २०१७ साली गाव महापालिकेत गेले, तरी बेनकर वस्ती किंवा रायकर मळ्याकडच्या जुन्या घरांनी हे सोडलेले नाही. दोन वर्षांपूर्वी अशाच एका घरी मला बोलावणे होते. ताटात पाच-सहा छोटे टाक होते, आणि त्यांच्यामध्ये तळहाताएवढी, जड, काळपट तांबूस धातूची एक गोल चकती. हळदकुंकवाचे थर इतके बसलेले, की वरचे चित्र बोटाने चाचपूनच कळावे.

"ह्यो आमचा बसऱ्याचा वीर," घरच्या आजी म्हणाल्या. "सरकारनं देवी धाडली व्हती त्याच्या नावानं. वाघावरची हाय बगा."

आजी त्या वीराच्या नातसून. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या चकतीची पूजा त्यांच्याकडे. मी चष्मा पुसून पाहिले. हातात त्रिशूळ घेतलेली स्त्री, पायाशी सिंह. देवी म्हणायला काहीच अडचण नव्हती. फक्त कडेने इंग्रजी अक्षरे फिरत होती, आणि देवीच्या पुढे केलेल्या हाताखाली एका चौकटीत, उठावाच्या इंग्रजी अक्षरांत, एका धायरीकराचे नाव होते. हे नाव मी इथे देत नाही. घरच्यांची तशी इच्छा आहे.

मी व्यवसायाने हिशेबनीस. इतिहास शिकलो तो रद्दीच्या दुकानांतून, वाचनालयांतून आणि ज्यांना माझे प्रश्न टाळता आले नाहीत अशा जाणकारांकडून. त्यामुळे ही चकती काय आहे हे मला लगेच कळले असे सांगून भाव खाणार नाही. घरी येऊन दोन रात्री पुस्तके चाळावी लागली.

पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या वारसाला ब्रिटिश सरकारने काशाची एक स्मृतिचकती पाठवली होती. व्यास १२० मिलिमीटर, म्हणजे पावणेपाच इंच. तिच्या आकृतीसाठी स्पर्धा लावली गेली, आठशेवर प्रवेशिका आल्या आणि लिव्हरपूलचा शिल्पकार एडवर्ड कार्टर प्रेस्टन याची आकृती निवडली गेली. त्रिशूळवाली स्त्री म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटनचेच स्त्रीरूप. तिच्या हातातली माळ मृताच्या नावावर धरलेली. दोन बाजूंना दोन डॉल्फिन मासे, ते आरमारी सत्तेचे. अगदी तळाशी एक छोटा सिंह एका गरुडाला फाडतो आहे, आणि तो गरुड जर्मनीचा. साडेतेरा लाखांवर चकत्या वाटल्या गेल्या. त्यांवर हुद्दा घालायचा नाही असे ठरवूनच ठेवले होते. सेनापती असो की शिपाई, नुसते नाव. कडेच्या मजकुराचा अर्थ, हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला, असा. पारतंत्र्यातल्या शिपायाच्या घरी हा मजकूर पोचवताना कोणाची लेखणी अडखळली असेल असे वाटत नाही. चकती होती साच्यातली.

इंग्लंडात लोकांनी या चकतीला 'मेलेल्याचा पैसा' असे कडवट नाव दिले. धायरीत ती देव्हाऱ्यात गेली. घरात कोणाला इंग्रजी वाचता येत नव्हते. पण ही वस्तू आपल्या माणसाच्या बदल्यात आली आहे आणि तिच्यावर त्रिशूळ आणि सिंह आहे एवढे दिसत होते. लढाईत मेलेल्याचे काय करायचे, हे त्या घराला आधीच ठाऊक होते. टाकांच्या ओळीत जागा करून दिली, झाले.

"त्याचं नाव कुटं लिवलंय का वो भाऊ?" आजींनी निघताना विचारले. "खडकीला गोऱ्यांचं मसणवाट हाय म्हनत्यात, तितं समद्यांची नावं हायती." त्यांचा नातू त्या बाजूला नोकरीला होता. त्याने बाहेरून पाहिले होते.

त्यामुळे मी खडकीला गेलो.

धायरी फाट्यावरून निघून दोन बस बदलून होळकर पुलाशी उतरलात की मुळा नदीच्या अंगाने ही युद्धदफनभूमी लागते. फाटकाच्या आत पाऊल टाकले की पुणे संपते. कातरलेली हिरवळ, फुलझाडांच्या पट्ट्या, एकाच मापाच्या समाधिशिळांच्या रांगा, आणि त्या सगळ्यांच्या वर एक उंच पांढरा क्रूस. त्याच्या छातीवर, टोक खाली करून, काशाची लांब सरळ तलवार जडवलेली. माझ्यासोबत आत शिरलेल्या एका कॉलेजच्या मुलाने मित्राला विचारले, "हे चर्चचं आहे का रे?" प्रश्न साधा होता, आणि या क्रूसाच्या आखणीवर शंभर वर्षांपूर्वी जी भांडणे झाली त्यांच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

मे १९१७ मध्ये, युद्ध चालू असतानाच, फेबियन वेअर नावाच्या माणसाच्या खटपटीने इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन स्थापन झाले. १९६० पासून त्याच्या नावात 'इंपीरियल'च्या जागी 'कॉमनवेल्थ' आले. वेअर रेडक्रॉसच्या एका तुकडीचा प्रमुख होता आणि फ्रान्समध्ये कबरी कुठे आहेत याच्या नोंदी कोणी ठेवत नाही हे त्याने पाहिले होते. आयोगाने तीन मोठे वास्तुविशारद नेमले. एडविन लचन्स आणि हर्बर्ट बेकर हे दोघे आपल्या ओळखीचे, नवी दिल्ली त्यांचीच. तिसरा रेजिनाल्ड ब्लूमफील्ड. तिघांचे एकमेकांशी फारसे पटत नव्हते.

लचन्सला क्रूस नको होता. साम्राज्याच्या सैन्यात हिंदू, मुसलमान, शीख, यहुदी, सगळे मेले आहेत. त्या सर्वांना चालेल असा एक मोठा सपाट दगड ठेवावा, असे त्याचे म्हणणे. त्याने तो दगड आखलाही. लांबी बारा फूट, आणि त्यात एकही रेघ खरोखर सरळ नाही. सगळ्या बाजू इतक्या बारीक वक्र आहेत, की त्या पुढे वाढवल्या तर १,८०० फुटांहून थोड्या जास्त व्यासाचा गोल होईल. ग्रीकांनी पार्थेनॉनच्या खांबांना जी अदृश्य फुगवटी दिली, तिच्यावरून हे गणित काढलेले. त्या दगडावरचे बायबलातले शब्द निवडले रुडयार्ड किपलिंगने. त्याचा स्वतःचा अठरा वर्षांचा मुलगा १९१५ मध्ये लूसच्या लढाईत बेपत्ता झाला होता.

पण दगडाने मृतांच्या घरच्यांचे समाधान होईना. वेगवेगळ्या आकाराच्या खासगी समाध्या बांधू द्यायच्या नाहीत, प्रेते मायदेशी नेऊ द्यायची नाहीत, आणि समाधिशिळा क्रूसाच्या आकाराची न करता सगळ्यांना एकाच मापाची सपाट शिळा द्यायची, असे आयोगाने ठरवले होते. श्रीमंताचा मुलगा संगमरवरात आणि गरिबाचा मातीत असे होऊ नये, हा त्यामागचा विचार. त्यावर इंग्लंडात मोठे वादळ उठले. लेडी फ्लॉरेन्स सेसिल या बाईंनी, ज्यांचे तीन मुलगे युद्धात गेले होते, क्रूसाच्या आकाराच्या समाधिशिळांसाठी हजारो सह्यांचा अर्ज केला. मे १९२० मध्ये पार्लमेंटात चर्चा झाली आणि आयोगाचे धोरण टिकले. तोवर ब्रिटिश म्युझियमचे संचालक फ्रेडरिक केन्यन यांनी १९१८च्या आपल्या अहवालात तोड काढून ठेवली होतीच: लचन्सचा दगडही असेल आणि क्रूसही असेल. प्रत्येकाला क्रूस नाही मिळाला, तरी सगळ्यांच्या मिळून एक. तो आखण्याचे काम आले ब्लूमफील्डकडे.

ब्लूमफील्डला गॉथिक नक्षी नको होती. खेड्यातल्या चर्चच्या आवारात असतात तसले जुने, वेलबुट्टीचे क्रूसही नको होते. शक्य तितका अमूर्त, कोणत्याही एका शैलीची आठवण न देणारा आकार त्याला काढायचा होता, असे त्याने पुढे आठवणींत लिहिले आहे. अष्टकोनी पायऱ्यांचा चौथरा, त्यावर अष्टकोनी, वर निमुळता होत गेलेला खांब, आखूड आडवे हात, आणि अंगावर काशाची तलवार. क्रूस हा सैनिकांच्या बहुसंख्येचा धर्म आणि तलवार हा त्यांचा पेशा. लहानमोठ्या जागेला शोभेल अशी वेगवेगळी मापे ठरवली गेली, सगळ्यात लहान चौदा फुटांचे. चाळीस किंवा अधिक कबरी असतील तिथे क्रूस, हजारावर असतील तिथे लचन्सचा दगडही, असा सर्वसाधारण नियम. १९२०च्या सुमारास फ्रान्समध्ये ल ट्रेपोर, लुव्हांकूर आणि फोर्सव्हिल या तीन ठिकाणी आधी नमुने उभे करून पाहिले, आणि मग साच्यातून काढावेत तसे हे क्रूस जगभर गेले.

ही तलवार मला खटकली होती, ते सांगून टाकतो. ब्रिटनमध्येही ती सगळ्यांच्या पचनी पडलेली नाही. क्रुसेडच्या धर्मयुद्धांची तिला आठवण येते असे म्हणणारे आहेत. १९१६ साली माणसे मेली ती मशीनगनने, तोफगोळ्याने, विषारी वायूने, आमांशाने. तलवारीने मेलेला शोधावा लागेल. पण खडकीच्या हिरवळीवर बराच वेळ बसल्यावर वाटले, टोक खाली केलेली तलवार म्हणजे संपलेली लढाई. आपल्या वीरगळांवरचा वीर मात्र तलवार उगारलेलाच असतो.

वीरगळाचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबतो. लढाईत मेलेल्यासाठी दगड उभा करण्याची रीत आपल्याकडे क्रूस यायच्या कितीतरी शतके आधीची आहे. गावोगाव मारुतीच्या किंवा शंकराच्या देवळाबाहेर शेंदूर फासलेले, निम्मे जमिनीत गेलेले वीरगळ दिसतात. ते खालून वर वाचायचे. तळच्या चौकटीत आडवा पडलेला वीर, कधी सोबत गायी, म्हणजे गोधन सोडवताना मेला, त्यावर लढाई, त्यावर अप्सरा त्याला हाताला धरून वर नेत आहेत, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि माथ्यावर कलश. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथे सहा वीरगळ आहेत. त्यांवर चक्क जहाजांची लढाई कोरलेली आहे. तेराव्या शतकात यादव आणि कोकणचे शिलाहार यांच्यात झालेल्या युद्धाशी बहुतेक अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. यात सगळे आहे: कसा मेला, कशासाठी मेला, पुढे कुठे गेला. नाही ते नाव. महाराष्ट्रातल्या वीरगळांवर लेख क्वचित. गावाला नाव माहीत होते, लिहायची गरज नव्हती. आणि गाव विसरले तेव्हा सांगायला कोणी उरले नाही.

ब्लूमफील्ड-लचन्स मंडळींची रीत नेमकी उलटी. चित्र नाही, कथा नाही, स्वर्गही नाही. नाव मात्र प्रत्येकाचे, एका मापाच्या अक्षरांत. प्रेत सापडले तर शिळेवर, सापडले नाही तर भिंतीवर. पुणे जिल्ह्यात शिपायांची नावे दगडावर कोरण्याचा प्रकार याहून जुना, पेरण्याच्या रणस्तंभाचा. १ जानेवारी १८१८च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या शिपायांची नावे त्यावर आहेत, आणि त्यांतली 'नाक' प्रत्यय असलेली महार शिपायांची नावे वाचायला आजही लाखो माणसे येतात. नाव दगडावर असण्याने काय होते हे १ जानेवारी १९२७ला डॉ. आंबेडकर तिथे गेले तेव्हापासून महाराष्ट्राला सांगावे लागत नाही.

तर खडकीत कोणाची नावे आहेत?

ही जागा मुळात दुसऱ्या महायुद्धातली. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी विखुरलेल्या ज्या कबरींची कायमची निगा राखणे शक्य नव्हते, त्या उचलून इथे आणल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या अशा १,६६८ समाध्या इथे आहेत. नोव्हेंबर १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून पहिल्या महायुद्धातल्या ६२९ जणांचे अवशेष आणून इथे पुन्हा पुरले. त्या तारखेशी मी जरा अडखळलो. चीनशी युद्ध चालू होते, देशभर स्त्रिया अंगावरचे दागिने संरक्षण निधीला देत होत्या, आणि त्याच महिन्यात कोणीतरी शांतपणे शिवडीची यादी तपासून ४४ वर्षांपूर्वीची हाडे घाट चढवून खडकीला आणत होते. या ६२९ जणांसह एकूण १,८००हून अधिक नावे इथल्या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर आहेत. बाकीचे आजच्या भारत-पाकिस्तानातल्या छावण्यांच्या जुन्या दफनभूमींत पडले आहेत. त्यांच्या कबरी हरवल्या किंवा हरवू शकतात, म्हणून नाव तरी खडकीत राहावे. याखेरीज पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेचे दोनशेच्या आसपास सैनिक, जे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी या देशात आले आणि आघाडीपासून दूरच वारले, त्यांचीही नावे इथे आहेत. खडकीच्या मातीत नायजेरिया-केनियाकडच्या माणसांची आठवण आहे हे किती पुणेकरांना ठाऊक असेल? मला नव्हते.

मी फलकांवरून आजींच्या वीराचे आडनाव शोधत गेलो. नव्हते. असणारच नव्हते. तो बसऱ्याला गेला होता.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी प्रामुख्याने लढल्या त्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिथे पहिल्यांदा उतरलेल्या फौजेचे नावच 'सहावी पूना डिव्हिजन'. नोव्हेंबर १९१४ मध्ये शत्त-अल-अरबच्या मुखाशी तिची पहिली तुकडी उतरली आणि त्या तुकडीत ११७वी मराठा पलटण होती. पुढे १०३वी आणि ११०वीही आल्या. जनरल टाऊनशेंड त्यांना नदीच्या अंगाने बगदादच्या दिशेने नेत गेला. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला प्रचंड हानी झाली, सैन्य मागे फिरले आणि कूत-अल-अमारा या गावी अडकले. डिसेंबरपासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा. शेवटी घोडे कापून खाण्याची वेळ आली. आपल्यातल्या अनेकांनी ते मांस नाकारले आणि ते आधी खंगले. शरणागतीनंतर वाळवंटातून पायी नेताना किती मेले त्याच्या गोष्टी सातारा-पुणे पट्ट्यातल्या घरांत अजून सांगितल्या जातात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून त्या युद्धात ४६ जण गेले ते परत आले नाहीत, आणि गाव आज 'अपशिंगे मिलिटरी' याच नावाने ओळखले जाते.

या सगळ्यांसाठी बसऱ्याला एक भव्य स्मारक झाले. एडवर्ड वॉरन हा त्याचा वास्तुविशारद, मार्च १९२९ मध्ये उद्घाटन. थडगे नसलेल्या ४०,५०० हून अधिक मृतांची ती जागा. पण इथे आयोगाच्या समतेच्या तत्त्वाचे पाणी जोखता येते. ब्रिटिश सैनिकाचे नाव कोरले, मग तो साधा शिपाई का असेना. हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांची नावे कोरली. हिंदी शिपाई, नाईक, हवालदार यांची नावे नाहीत. पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा: एवढे इतर. नावे कागदी नोंदवहीत.

मी हिशेबनीस आहे. 'इतर' हे खाते काय असते हे मला माहीत आहे. ज्याचा तपशील विचारला जाणार नाही याची खात्री असते, ते त्यात जाते.

हे सर्वत्र असेच झाले असते तर एक वेळ अज्ञान म्हणता आले असते. पण फ्रान्समध्ये नव्ह-शापेल येथे हर्बर्ट बेकरने हिंदी सैनिकांसाठी जे स्मारक आखले, ७ ऑक्टोबर १९२७ला ज्याचे उद्घाटन झाले, तिथे ४,७०० वर नावे आहेत, शिपायांसकट. तिथे क्रूस मुद्दाम टाळला. सुमारे पंधरा मीटरचा एक खांब, अशोकस्तंभाच्या धर्तीवर, माथ्यावर कमळ, दोन अंगांना बसलेले वाघ, कडेला छत्र्या आणि जाळीच्या भिंती. म्हणजे क्रूसाला पर्याय काढण्याची कल्पकताही होती आणि नावे कोरण्याची ऐपतही. युरोपात, जिथे जगाचे डोळे होते, तिथे ती वापरली.

एप्रिल २०२१ मध्ये आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल आला. हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन अशा ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण असमान रीतीने केले गेले, आणि किमान १,१६,००० जणांचे, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानिशी स्मरण झालेच नाही, असा त्याचा निष्कर्ष. गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, गव्हर्नरने १९२३ मध्ये कळवले होते की तिथल्या सामान्य माणसाला समाधिशिळा समजणारही नाही आणि तिची किंमतही वाटणार नाही. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात माफी मागितली. अहवाल वाचताना मला धायरीचा देव्हारा दिसत होता. शंभर वर्षे रोज हळदकुंकू.

दुसऱ्या महायुद्धात यात सुधारणा झाली हे सांगायला हवे, नाहीतर अन्याय होईल. कोहिमाला जिल्हाधिकाऱ्याच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टावर लढाई झाली. तिथेच आज ब्लूमफील्डचा क्रूस उभा आहे आणि कोर्टाच्या पांढऱ्या रेघा जपून ठेवल्या आहेत. त्याच आवारात दहन झालेल्या ९१७ हिंदू-शीख सैनिकांची नावे वेगळ्या स्मारकावर कोरलेली आहेत. रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे, ज्यांना जुलै १९४४ मध्ये इटलीत गाजवलेल्या पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. आणि आमच्या धायरीपासून नदी ओलांडली की खडकवासल्याच्या प्रबोधिनीत सुदान ब्लॉक आहे. पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेतल्या हिंदी सैनिकांच्या स्मरणार्थ सुदानने एक लाख पौंड दिले होते, त्या पैशातून हा उभा राहिला. स्मारक म्हणून क्रूसही नाही, स्तंभही नाही, शाळा. मला हे सगळ्यात आवडते. पण आजींच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते.

उत्तर मिळाले ते संगणकावर. आयोगाच्या कागदी नोंदवह्या आता कोणालाही घरबसल्या पाहता येतात. आडनाव टाकले, पाने उलटत गेलो. त्याच नावाचे अनेक निघाले, वेगवेगळ्या पलटणींतले. स्मृतिचकतीवर हुद्दा नाही, पलटण नाही. समतेसाठी केलेली ती गोष्ट माझ्या मुळावर आली. तीन संध्याकाळी गेल्या. मग एका ओळीत बापाचे नाव दिसले, आणि पुढे गाव, तालुका हवेली, जिल्हा पुणे. गावाचे स्पेलिंग असे, की वाचणारा 'दैरी' म्हणेल. कोण्या कारकुनाने कोणाच्या तोंडून ऐकून लिहिले असेल ते. मराठा पलटण, शिपाई, नंबर, १९१६ मधली एक तारीख, आणि बसरा स्मारकाच्या फलकाचा क्रमांक. म्हणजे ज्या आकड्यात तो मोडतो, त्या आकड्याचा पत्ता.

ते स्मारकही आता मूळ जागी नाही. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर लांब वाळवंटात हलवले.

मी त्या पानाची मोठ्या अक्षरांत छपाई करून घेतली आणि आजींकडे गेलो. शेजारी मराठीत लिहून दिले. आजींना वाचता येते, त्या नातवाला हाक मारून म्हणाल्या, "बग, सासऱ्याच्या बापाचं समदं नाव." देवी ही देवी नव्हे हेही सांगणे भाग होते. जमेल तितके हळू सांगितले. त्यांनी चकती उचलून पुन्हा पाहिली. "त्रिशूळ हाय न्हवं?" म्हणाल्या, आणि जागेवर ठेवून दिली. कागद घडी करून तिच्यामागे.

या घरात आजवर त्याचे पान सर्वपित्री अमावास्येला वाढत, तिथी माहीत नसलेल्यांसोबत. आता तारीख हाती आली होती. नातवाने मोबाईलवर १९१६चे पंचांग शोधून तिथी काढली, आणि भाद्रपदात गुरुजींना विचारायला गेला. गुरुजी म्हणाले, युद्धात गेला ना, मग तिथी सोडा, शस्त्राने मेलेल्यांसाठी चतुर्दशी असते. पण खरेच शस्त्राने गेला का? की तापाने, की उपासाने, की कैदेत चालताना? तसे असेल तर हिशेब वेगळा. नातवाने मला फोन केला, "काका, त्या कागदावर कशानं मेला ते लिहिलंय का?"

मी पुन्हा ती ओळ काढून पाहिली. तो रकाना नव्हताच.

त्यांनी चतुर्दशी धरली.